औषध नसलेली सुई : खांद्याचं दुखणं, खेळाडू आणि ड्राय नीडलिंगचा इतिहास

"डॉक्टर, सुईत औषधच नाही म्हणताय, मग ती टोचून उपयोग काय?" ज्या खेळाडूंना ड्राय नीडलिंग सुचवलेलं असतं त्यांचा, किंवा त्यांच्या आईवडिलांचा, हा हमखास प्रश्न असतो. मुलगा वेगवान गोलंदाजी करतो, मुलगी व्हॉलीबॉल किंवा बॅडमिंटन खेळते, खांदा महिनाभर दुखतोय, एमआरआयमध्ये फार काही निघालेलं नाही, आणि फिजिओथेरपिस्टने 'नीडलिंग करून बघू' असं सांगितलेलं असतं. प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरांनाही तो पडला होता, आणि त्याचं धड उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

आज ती हकीकत सांगतो. ती कळली की त्याहून महत्त्वाच्या दुसऱ्या प्रश्नाकडेही नीट बघता येतं. सुई टोचल्यावर खांदा दुखायचा थांबला, म्हणजे तो आतून भरून आला का? परवा मॅच आहे, खेळायचं का?

आधी ड्राय नीडलिंग म्हणजे काय ते पाहू. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव सुई स्नायूमधल्या दुखऱ्या, कडक जागी घालतात. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही नसते, त्यामुळे तिच्यातून काही आत जाऊच शकत नाही. म्हणून ती 'ड्राय', म्हणजे कोरडी. स्नायूतल्या त्या जागेला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. बोटाने चाचपलं तर ताणलेल्या तारेवर वाटाणा असावा तशी ती लागते, आणि दाबलं की कळ भलतीकडेच जाते. सुई नेमक्या जागी लागली तर डोळा लवतो तसा तो स्नायू क्षणभर लवतो. रुग्ण दचकतात, पण काम झाल्याची ती खूण मानली जाते.

टोपीच्या सुया

दुखऱ्या जागी सुई खुपसण्याची कल्पना अर्थातच चीन आणि जपानची, आणि फार जुनी. युरोपातल्या डॉक्टरांनी ती उचलली तेव्हा तिच्यामागचं सगळं शास्त्र मात्र मागेच ठेवलं. लंडनमधल्या जेम्स मॉर्स चर्चिल या सर्जनने १८२१ साली सुईच्या उपचारावर पुस्तक लिहिलं. शरीरातल्या ऊर्जेचे मार्ग, नाडीपरीक्षा वगैरे भानगडीत न पडता, जिथे दुखतं तिथे सुई घालायची, एवढाच त्यातला मामला.

पुढे विल्यम ऑस्लर. आम्हा फिजिशियन मंडळींचं हे आद्य दैवत. त्यांचं १८९२ चं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक जगभर वाचलं गेलं. कंबर धरली असेल तर कमरेच्या दुखऱ्या स्नायूत तीन-चार इंच लांबीच्या सुया घालाव्यात, पाच-दहा मिनिटांनी काढाव्यात, असा सल्ला त्यात आहे. वेगळ्या सुया नसतील तर बायकांच्या टोप्यांना लावायच्या लांब सुया निर्जंतुक करून वापरल्या तरी चालतील, असंही ते सांगतात. ऑस्लरचे चरित्रकार हार्वी कुशिंग यांनी एक मजेदार किस्सा नोंदवला आहे. माँट्रियलमधले साखरेचे मोठे कारखानदार पीटर रेडपाथ यांच्या कमरेवर तरुण ऑस्लरनी हा प्रयोग केला. प्रत्येक सुईला म्हातारबुवांनी शिव्यांची लाखोली वाहिली आणि शेवटी तसेच लंगडत निघून गेले. ऑस्लर फार खट्टू झाले, कारण आराम पडला असता तर विद्यापीठाला घसघशीत देणगी मिळण्याची आशा होती.

इथे एक खुलासा करतो, कारण 'मग हे ॲक्युपंक्चरच ना?' असं लोक विचारतात. सुई तीच असते, विचार वेगळा. ॲक्युपंक्चरमध्ये बिंदू पारंपरिक मार्गांवरून ठरतात, नीडलिंगमध्ये स्नायू चाचपून. भारतात ॲक्युपंक्चर रुजलं त्याचा एक धागा आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपर्यंत जातो. त्यांच्याबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. ड्राय नीडलिंगचा उगम मात्र तिथला नाही. तो लंडन आणि न्यूयॉर्कच्या इस्पितळांमधला आहे.

मिठाच्या पाण्याने काढलेले नकाशे

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सर थॉमस लुईस यांच्या हाताखाली जोनास केल्ग्रेन नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. (गुडघ्याच्या एक्स-रे रिपोर्टवर 'केल्ग्रेन-लॉरेन्स ग्रेड' असं लिहिलेलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तेच हे केल्ग्रेन.) स्नायू दुखला की वेदना कुठे जाणवते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाच्या पाण्याचे काही थेंब टोचले. त्याने काही मिनिटं चांगलीच कळ येते, पण इजा होत नाही. कुठे टोचलं आणि कुठे दुखलं, याची त्यांनी चित्रं काढली. १९३८ साली हे संशोधन छापून आलं.

त्यातून निघालेली गोष्ट आज कोणत्याही खेळाडूला सांगावी लागते. स्नायू जिथे बिघडलेला असतो, तिथेच दुखतं असं नाही. पाठीवर जो फरा असतो, त्या तिकोनी हाडावर इन्फ्रास्पिनेटस नावाचा स्नायू आहे. चेंडू फेकताना किंवा स्मॅश मारताना हात पुढे झेपावतो, त्याला लगाम घालण्याचं काम तो करतो. त्याला त्रास झाला तर कळ खांद्याच्या टोकाला आणि दंडावर जाते. खेळाडू खांदा पुढून चोळत बसतो, मलम लावतो, शेक घेतो, आणि दोषी स्नायू मागे पाठीवर स्वस्थ असतो.

केल्ग्रेननी एक पाऊल पुढे टाकलं. रुग्णांच्या अशा दुखऱ्या जागा शोधून तिथे त्यांनी भूल देण्याचं औषध टोचलं आणि दूरची वेदनाही थांबते, हे दाखवलं. म्हणजे तिथे सुई होती, पण श्रेय औषधाला होतं.

डॉ. ट्रॅव्हेल आणि राष्ट्राध्यक्षांची पाठ

अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये जॅनेट ट्रॅव्हेल यांचं काम जवळपास त्याच काळात सुरू झालं, आणि तेही खांद्यापासूनच. त्यांचा स्वतःचा खांदा आणि हात दुखत होता. फऱ्यावरच्या स्नायूंत दाबून पाहताना त्यांना अशा जागा सापडल्या, की दाबलं की नेमकी तीच हाताची कळ उठे. त्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांमध्येही, अगदी क्षयाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांमध्येसुद्धा, खांदा दुखण्याची तक्रार त्यांना वारंवार भेटत होती. १९४२ साली रिंझलर आणि हर्मन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी खांदा आणि हाताच्या दुखण्यावर स्नायूत प्रोकेन हे भुलीचं औषध टोचण्याच्या उपचाराचा लेख प्रसिद्ध केला. 'ट्रिगर पॉइंट' हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या जाडजूड ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये आला. आजही फिजिओथेरपिस्टच्या खोलीत वेदनांचे ठिपके काढलेले माणसाच्या शरीराचे तक्ते दिसतात. त्यांचं मूळ त्याच ग्रंथात आहे.

ट्रॅव्हेल यांचे सर्वात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे जॉन केनेडी. पाठीची शस्त्रक्रिया होऊनही दुखणं न थांबलेले केनेडी १९५५ साली त्यांच्याकडे आले. प्रोकेनच्या इंजेक्शनांनी त्यांना आराम पडला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी ट्रॅव्हेल यांना आपलं वैयक्तिक डॉक्टर नेमलं. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्चीही त्यांनीच सुचवलेली.

पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इंजेक्शनं वारंवार लागू लागली. व्हाइट हाउसमधले बाकीचे डॉक्टर अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हान्स क्राउस यांना बोलावण्यात आलं. क्राउस मूळचे ऑस्ट्रियाचे, हाडांचे डॉक्टर आणि स्वतः पट्टीचे गिर्यारोहक. मुरगळलेल्या सांध्यावर गार फवारा मारून तो लगेच हालवायला लावायचा, ही पद्धत त्यांनी व्हिएन्नापासून वापरली होती. मैदानावर फिजिओ पळत येऊन फवारा मारतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यांनी केनेडींचे स्नायू तपासले, ते दुबळे आणि ताठर झाल्याचं सांगितलं, आणि इंजेक्शनांऐवजी नियमित व्यायाम सुरू केला. केनेडींची हालचाल त्यानंतर बरीच सुधारली. ट्रॅव्हेल यांच्यावर अन्याय नको. इंजेक्शननंतर स्नायू ताणून मोकळा केलाच पाहिजे, हे त्या स्वतःही कायम सांगत. तरीही जगातला सर्वात महत्त्वाचा रुग्ण, निष्णात डॉक्टर आणि हाताशी सुई असतानाही, शेवटी बळ आलं ते व्यायामानेच.

औषध काढून टाकलं तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९४१ साली ब्राव्ह आणि सिगमंड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी कंबरदुखीवरच्या इंजेक्शनांबद्दल लिहिताना नोंदवलं, की काहीही न टोचता नुसती सुई घातली तरी दुखणं कमी होऊ शकतं. १९४७ साली लॅन्सेटमध्ये पॉलेट यांच्या लेखात 'ड्राय नीडलिंग' हा शब्दच सापडतो. पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. रुग्णालाही औषध हवं असतं आणि डॉक्टरलाही ते दिल्याचं समाधान हवं असतं. रिकाम्या सुईवर दोघांचाही विश्वास बसणं कठीण.

मग १९७९ साली प्रागचे कारेल लेविट यांनी आपल्या २४१ रुग्णांचा हिशोब मांडला. ३१२ दुखऱ्या जागांत त्यांनी कोरडी सुई घातली होती. त्यातल्या जवळपास ८७ टक्के जागी वेदना तिथल्या तिथे थांबली, आणि तीसुद्धा बधिरपणा न येता. औषधाचा परिणाम सुईच्या परिणामापासून वेगळा करायला हवा, असं त्यांनी ठासून सांगितलं. मात्र पुढची ओळ लोक विसरतात. नंतर ज्या २८८ जागांचा पाठपुरावा झाला, त्यातल्या ९२ ठिकाणी, म्हणजे साधारण एक तृतीयांश जागी, आराम कायमचा टिकला. बाकीच्यांपैकी अनेक जागी तो काही महिने, काही आठवडे किंवा काही दिवसांपुरता होता. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तुलना लगेच पुढच्या वर्षी आली. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना भुलीचं औषध टोचलं आणि काहींना नुसतं सलाईन. कोणाला काय दिलंय ते रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. मिठाच्या पाण्याच्या गटाला आराम कमी पडला नाही, उलट थोडा जास्तच पडला! १९९४ मध्ये चांग-झर्न हाँग यांनी मान आणि खांद्याच्या मधल्या ट्रॅपिझियस स्नायूवर (पाठीवरच्या सॅकचा पट्टा जिथे बसतो तो) लिडोकेन आणि कोरडी सुई यांची तुलना केली. स्नायू लवला तर दोन्हींनी सारखाच आराम, नाही लवला तर दोन्हींनी नगण्य. फरक एवढाच, की कोरड्या सुईनंतर काही तासांनी येणारा ठणका सगळ्यांनाच आला, लिडोकेनच्या गटात तो निम्म्याहून कमी लोकांना आला. म्हणून नीडलिंगनंतर एक-दोन दिवस खांदा ठणकला तर घाबरू नका.

तर हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. औषधाला मिळालेलं श्रेय बऱ्याच अंशी सुईचं होतं. सुई नक्की काय करते? २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा यांच्या गटाने केसासारख्या बारीक नळीतून ट्रॅपिझियसच्या ट्रिगर पॉइंटमधला द्रव काढून तपासला. दुखऱ्या जागी आम्लता जास्त होती, आणि ब्रॅडिकायनिन, सब्स्टन्स पी अशी वेदना आणि दाह वाढवणारी द्रव्यंही जास्त होती. स्नायू लवल्यावर त्यांतली काही उतरलेली दिसली. अभ्यास छोटा, पण पहिल्यांदाच कोणीतरी त्या गाठीच्या आत डोकावलं होतं. त्याखेरीज सुईमुळे मज्जारज्जू आणि मेंदूच्या पातळीवरही वेदनेचा आवाज काही काळ खाली येतो, असं मानलं जातं.

शंकेखोरांची बाजू

या विषयात फक्त समर्थकांचं ऐकलं तर चित्र एकतर्फी होतं. १९९२ साली नामांकित तज्ज्ञांना काही रुग्ण, त्यांचं निदान न सांगता, तपासायला दिले गेले. ट्रिगर पॉइंट कुठे आहेत, यावर तज्ज्ञांचं एकमत होईना. १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासात, आधी एकत्र सराव करून घेतल्यावर, ते बरंच जमलं. म्हणजे हात तयार असावा लागतो, हे नक्की. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे क्विंटनर आणि कोहेन यांनी सहकाऱ्यांसह ट्रिगर पॉइंटच्या सिद्धान्तावरच हल्ला चढवला. वेदना खरी आहे, पण तिचं मूळ स्नायूतल्या गाठीत असल्याचा पुरावा नाही, ते मज्जासंस्थेत शोधा, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी अडचण तुलनेची. खोटी गोळी देता येते, खोटी सुई कशी देणार? जर्मनीत १९९८ साली यावर एक युक्ती निघाली. नाटकातला खंजीर जसा मुठीत सरकतो तशी आत सरकणारी बोथट सुई. टोचल्यासारखं वाटतं, टोचत नाही. पण खोल स्नायूत सुई फिरल्याची आणि तो लवल्याची जाणीव तिने येत नाहीच.

मग सगळे अभ्यास एकत्र केल्यावर काय निघतं? कमिंग्ज आणि व्हाइट यांनी २००१ मध्ये २३ चाचण्या तपासल्या. सुईतून काय टोचता याने फरक पडत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. सुईचा परिणाम मनाच्या समजुतीपलीकडचा आहे का, हे मात्र सिद्धही होत नव्हतं आणि खोडलंही जात नव्हतं. २०१७ च्या एका आढाव्यानुसार साधारण तीन महिन्यांपर्यंत वेदना कमी होण्यात नीडलिंग खोट्या सुईपेक्षा सरस ठरतं. पण कामं करण्याची क्षमता पाहिली, तर इतर फिजिओथेरपीपेक्षा ते पुढे जात नाही. आणि पुराव्याचा दर्जा अगदी कमी ते मध्यम.

खेळाडूंवरचे अभ्यास अजून लहानच आहेत. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या चार व्हॉलीबॉलपटू महिलांचा अनुभव छापून आला. ऐन स्पर्धेच्या दिवसांत खांद्याचं नीडलिंग केल्याने दुखणं कमी झालं आणि त्या खेळत राहिल्या. बातमी चांगली आहे, पण खेळाडू चार, आणि तुलनेला कोणी नाही. माझं मत विचाराल तर, खांद्याच्या स्नायूदुखीत ही पद्धत वापरून पाहण्यासारखी आहे, बरोबर व्यायाम असेल तरच. नुसतं दर आठवड्याला जाऊन टोचून घेणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

दुखणं थांबणं वेगळं, भरून येणं वेगळं

आता मॅचचा प्रश्न. त्यासाठी थोडं मागे, अठराव्या शतकात जाऊ. १७६७ साली लंडनचे सर्जन जॉन हंटर यांच्या टाचेमागची कंडरा तुटली, नाचताना, असं सांगतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, इंग्रजीत टेंडन. दुसरा कोणी अंथरुणाला खिळला असता, हंटरनी संशोधन सुरू केलं. मोतीबिंदूसाठी वापरायची सुई कातडीखालून सरकवून त्यांनी काही कुत्र्यांची तीच कंडरा कापली, आणि वेगवेगळ्या दिवशी ती उघडून पाहिली. कातडी शाबूत असेल तर तुटलेलं हाड जसं सांधतं तशीच टप्प्याटप्प्याने ही दोरीही सांधते, असं त्यांना दिसलं. (आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही.) सूज हा शत्रू नसून शरीराच्या दुरुस्तीची सुरुवात आहे, हा त्यांचा विचार त्यांच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये ग्रंथरूपाने आला.

ते टप्पे आजही तेच आहेत. पहिले काही दिवस दाह : रक्त येतं, सफाई कामगार पेशी येतात, जागा लाल, गरम, दुखरी होते. मग काही आठवडे नवी भर : पेशी कोलॅजेनचे धागे विणतात, पण घाईघाईत, गोधडीच्या कच्च्या टाक्यांसारखे. आणि मग कित्येक महिने चालणारी फेरमांडणी : त्या धाग्यांवर जसा ताण पडेल, तसे ते त्या दिशेने सरळ आणि घट्ट होत जातात. ताण मुळीच दिला नाही तर धागे विस्कळीत राहतात, फार लवकर फार दिला तर उसवतात. व्यायामाचं सगळं गणित या एका गोष्टीवर आहे.

स्नायूंचं नशीब कंडरेपेक्षा बरं. त्यांना रक्त भरपूर मिळतं. शिवाय १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतूंच्या कडेला चिकटलेल्या चिमुकल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यांना 'सॅटेलाइट पेशी' म्हणतात. एरवी त्या झोपलेल्या असतात, इजा झाली की जाग्या होऊन नवे तंतू तयार करतात. कोरडी सुईही स्नायूला बारीक इजा करतेच. स्पेनमध्ये उंदरांच्या स्नायूवर हे पाहिलं गेलं (२०१३). एका दिवसात दाहाच्या पेशी जमल्या, तिसऱ्या दिवशी नवे तंतू दिसू लागले, आठवड्याभरात स्नायू पूर्ववत झाला. यातून सुईची जखम भरते एवढं कळतं. खेळताना फाटलेला स्नायू सुईमुळे लवकर भरतो, असा अर्थ त्यातून काढायचा नाही. जाहिरातींत तो सर्रास काढला जातो.

'सुईने ऊती भरून येतात' या वाक्याला थोडा आधार आहे तो कंडरेच्या बाबतीत, आणि तो उपचार वेगळा आहे. वारंवार फेकण्याने रोटेटर कफची कंडरा झिजते. तिच्यात दाह फारसा उरलेला नसतो, कोलॅजेनची वीण बिघडलेली असते, हे १९७० च्या दशकात पुदू, निर्शल यांच्यासारख्या सर्जननी टेनिस एल्बो आणि टाचेच्या कंडरांचे तुकडे तपासून दाखवलं. दुरुस्तीचं काम अर्धवट सोडून मजूर निघून गेल्यासारखी ही स्थिती. अशा कंडरेत सोनोग्राफीखाली सुईने बरीच छिद्रं पाडून मुद्दाम थोडं रक्त आणायचं, म्हणजे दुरुस्ती पुन्हा सुरू होईल, ही त्यामागची कल्पना. काही ठिकाणी त्याबरोबर रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं प्लेटलेटयुक्त द्रव्यही, म्हणजे पीआरपी, टोचतात. त्यानंतर कित्येक आठवडे भार हळूहळू वाढवावा लागतो, दोन दिवसांत मैदानावर जाता येत नाही. दोन्हींना लोक 'नीडलिंग'च म्हणतात, त्यामुळे तुमचं नक्की कोणतं ठरलंय, स्नायूचं की कंडरेचं, हे आधी विचारून घ्या.

म्हणून परवाच्या मॅचबद्दल. सुईने स्नायूचा ताठरपणा आणि कळ काही तासांत कमी होऊ शकते. कंडरेचे धागे काही तासांत जुळत नाहीत. खांदा फक्त आखडलेला असेल, ताकद दोन्ही बाजूंना सारखी असेल आणि हात पूर्ण वर जात असेल, तर ठणका ओसरल्यावर खेळायला हरकत नसते. पण हात वर नेताना बळच लागत नसेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा झटका बसून 'कट्' आवाज आल्यापासून दुखत असेल, तर आधी खांद्याची तपासणी आणि लागल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय. वेदना हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून चोराच्या घरात शिरायचं नसतं. प्रशिक्षक आणि पालक दोघांनाही हे सांगतो, कारण स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलाचं कोणी ऐकत नाही.

फुप्फुस किती जवळ आहे

शेवटी सुरक्षिततेबद्दल. आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टनी केलेल्या ७,६२९ नीडलिंग उपचारांची नोंद ठेवली गेली (२०१४). शंभरातल्या सात-आठ उपचारांत काळंनिळं पडलं, काहींत थोडं रक्त आलं, थोडं दुखलं. गंभीर अपाय एकही नाही. म्हणजे शिकलेल्या हातात ही पद्धत बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

पण खांद्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही थोडं वर, मानेच्या बुडाशी येतं. ट्रॅपिझियसमध्ये सुई सरळ खाली घातली, किंवा फऱ्याच्या कडेला दोन बरगड्यांच्या मधे गेली, तर ती फुप्फुसाच्या आवरणाला भोक पाडू शकते. मग हवा छातीत साठते आणि फुप्फुस आक्रसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. अमेरिकेचा स्कीइंगपटू टोरिन येटर-वॉलेस याच्या बाबतीत २०१३ च्या अखेरीस, सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, ड्राय नीडलिंगनंतर हेच झालं. तो सावरला आणि सोचीला उतरलाही, पण तयारीचे मोलाचे दिवस इस्पितळात गेले. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव करून सांगितलं, की ही शरीरात शिरणारी प्रक्रिया आहे आणि सुया वापरण्याचं प्रमाणित शिक्षण घेतलेल्यांनीच ती करावी. ती कोणी करावी यावरून तिथे डॉक्टर, ॲक्युपंक्चरवाले आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यात वाद आहे, तो आपल्याला सोडवायचा नाही. पण जिममधल्या ट्रेनरने चार दिवसांच्या शिबिरात शिकून तुमच्या खांद्यात सुई घालू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

सुई घालणाऱ्याचं शिक्षण आणि ट्रॅपिझियस कसा धरणार, हे विचारायला संकोचू नका. जाणकार तो स्नायू चिमटीत उचलून छातीपासून दूर धरतात. सुई प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकिटातली हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा खांद्यावर त्वचेचा संसर्ग असेल, तर ते आधीच सांगा. आणि नीडलिंगनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छातीत एका बाजूला टोचल्यासारखं दुखायला लागलं, कोरडा खोकला आला, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर 'सुईचा ठणका असेल' म्हणून घरी थांबू नका. जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा, सुई कुठे घातली होती ते सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.